दाढ ठणकतेय: आत्ता निघायचं की सकाळी?

रात्री अकरानंतर दाढ ठणकायला लागली की माणूस एकच माप लावतो: किती दुखतंय? जोरात दुखतंय म्हणजे गंभीर, सहन होतंय म्हणजे उद्या बघू. हे माप फसवं आहे. रात्रभर येरझाऱ्या घालायला लावणारा ठणका बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबू शकतो. उलट ठणका ओसरलाय, नुसती जबड्याखाली सूज राहिलीय, अशा माणसाला कधीकधी थेट अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. म्हणून घाई करायची की नाही हे दुखण्याच्या जोरावरून ठरवू नका. संसर्ग दाताबाहेर कुठवर पोहोचलाय ते बघा. ते घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं.

आधी आरसा, मग गोळी

मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर उभे राहा. घरात कोणी जागं असेल तर त्यांना चेहरा बघायला सांगा, कारण सुजलेला गाल समोरच्याला आधी दिसतो. पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

पाण्याचा एक घोट घ्या. सरळ गिळता येतोय का? घशाशी अडकतोय, गिळताना कळ येतेय, किंवा स्वतःची लाळही गिळवत नसल्यामुळे ती तोंडातून गळतेय, असं असेल तर पुढचं काही तपासत बसू नका. श्वास घेताना त्रास होतोय, आडवं पडलं की गुदमरतंय, आवाज अचानक जाड आणि घोगरा झालाय, ही त्याच जातीची लक्षणं.

मग जीभ वर उचला आणि जिभेखालची जागा बोटाने दाबून बघा. ती मऊ असायला हवी. कडक, फुगलेली लागली, जीभ वर किंवा मागे ढकलल्यासारखी वाटली, हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी ताठ झाला, तर ते वाईट चिन्ह.

तिसरी तपासणी तोंड उघडण्याची. मधली तीन बोटं उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. साधारणपणे तिन्ही जातात. काल जात होती आणि आज दोनही जात नाहीत, याचा अर्थ जबडा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या स्नायूंपर्यंत सूज गेली आहे. इथे एक फरक लक्षात ठेवा. गुटखा, सुपारी, मावा वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. तो वेगळा आजार आहे आणि त्याचीही तपासणी हवीच, पण त्यासाठी रात्री धावपळ नको. एकदोन दिवसांत तोंड मिटत गेलं तर मात्र धावपळ हवी.

मग डोळा. वरच्या दाताच्या दुखण्यासोबत डोळ्याखाली सूज आली, पापणी मिटायला लागली, दिसायला धूसर किंवा दुहेरी झालं, त्यात डोकं प्रचंड दुखतंय, तर थांबायचं नाही. शेवटी ताप मोजा. दातदुखी, सूज आणि 101 फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर ताप, त्यात थंडी वाजतेय, छाती धडधडतेय, माणूस ग्लानीत आहे, तर संसर्ग रक्तात उतरत असण्याची शक्यता धरायची.

यातलं एक जरी लक्षण असेल तर दातांचा दवाखाना शोधत फिरू नका. मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा किंवा 108 वर फोन करा. रात्री दोन वाजता दंतवैद्य भेटला तरी अशा वेळी त्याच्या खुर्चीपेक्षा ऑक्सिजन, शिरेतून अँटिबायोटिक आणि गरज पडली तर श्वासनलिका मोकळी ठेवणारी टीम जास्त महत्त्वाची असते. निघताना रुग्णाला आडवं झोपवू नका, बसवून न्या.

एवढी भीती का घालतोय? खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढांची मुळं जबड्यात खोलवर, जिभेखालच्या स्नायूच्याही खाली टोकं असलेली असतात. तिथला पू आतल्या बाजूने फुटला तर तो तोंडात न येता मानेच्या वरच्या कप्प्यांत पसरतो. जिभेखाली आणि हनुवटीखाली, दोन्ही बाजूंनी पसरणाऱ्या या संसर्गाचं वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये केलं आणि तो आजही ‘लुडविग्ज अंजायना’ या नावाने ओळखला जातो. अँटिबायोटिक्स येण्याआधी अशा रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त दगावत. आज वाचतात, पण वेळेत पोहोचले तर. आणि सुरुवात बहुतेक वेळा ‘बघू नंतर’ म्हणून सोडलेल्या एका किडलेल्या दाढेपासून झालेली असते.

दात दुखतोय, पण दुखणं दाताचं नाही

डावा जबडा, खालचा जबडा किंवा दोन्ही बाजू दुखताहेत, कुठला दात ते सांगता येत नाही, जिना चढताना किंवा स्टेशनचा पूल ओलांडताना वाढतंय आणि बसलं की कमी होतंय, सोबत घाम, छातीत दाब, धाप, मळमळ आहे, तर हे हृदयाचं दुखणं असू शकतं. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत कळ न येताही असं होतं. इथेही 108. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढण्यात वेळ घालवू नका.

बाकी दोन फसव्या गोष्टी इतक्या घाईच्या नाहीत. सर्दीनंतर वरच्या तीनचार दाढा एकदम दुखताहेत आणि खाली वाकलं की गालात जडपणा येतोय, तर ते बहुधा सायनसचं असतं. चेहऱ्याला वारा लागला किंवा दात घासताना ब्रशचा स्पर्श झाला की विजेसारखी कळ जाते, काही सेकंदांत थांबते, परत येते, हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. अशा कळेपायी चांगले दात काढून बसलेली माणसं दिसतात. दाताची खात्री झाल्याशिवाय ‘काढूनच टाका डॉक्टर’ म्हणू नका. दुखणाऱ्या बाजूचा वरचा दात की खालचा, यात रुग्णाची बऱ्याचदा फसगत होते. खालच्या दाढेचं दुखणं कानात जाणवतं. मात्र दाताचं दुखणं डावीकडून उजवीकडे सहसा जात नाही, एवढा धागा तपासताना उपयोगी पडतो.

आता ठणक्याकडे बघू

वरचं काहीही नाही, फक्त दात दुखतोय, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा: कशाने सुरू होतं, किती वेळ टिकतं, आणि आपोआप सुरू होतं का?

बर्फाचा गोळा, उसाचा रस किंवा पेढा खाल्ला की सणक जाते आणि पदार्थ गिळला की काही सेकंदांत थांबते, तर आतली नस जिवंत आणि बरी होण्याजोगी आहे. कीड असेल तर फिलिंगने भागतं. या आठवड्यात वेळ घ्या. तातडी नाही, पण दिवाळीनंतरवर ढकलू नका, कारण पुढची पायरी महाग आणि दुखरी असते.

थंड पाण्याने कळ सुरू झाली आणि अर्धा मिनिट उलटलं तरी ओसरत नाही, चहा-कॉफीने वाढतेय, काही न खाताही अचानक ठणका उठतो, रात्री आडवं पडल्यावर जास्त होतो, याचा अर्थ नस आता सावरण्यापलीकडे सुजली आहे. दाताच्या आतली नस चारी बाजूंनी कडक भिंतीत बंद असते, तिला फुगायला जागा नसते. झोपल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि दाब वाढतो, म्हणून रात्रीच जीव जातो. काही जणांना याच टप्प्यावर गार पाण्याने बरं वाटतं आणि ते बाटली घेऊन घोट घोट तोंडात धरून बसतात. इथे रूट कॅनल किंवा दात काढणं, दोनच वाटा उरतात. ही भेट दुसऱ्या दिवशीचीच घ्या. रात्री कॅज्युअल्टीत जाऊन मात्र फारसं हाती लागत नाही. वेदनाशामक इंजेक्शन मिळतं आणि ‘सकाळी डेंटलला दाखवा’ म्हणून चिठ्ठी.

आणि मग सगळ्यात धोकादायक टप्पा: दुखणं आपोआप थांबतं. चारपाच दिवस तळमळणारा माणूस एका सकाळी उठतो, काहीच दुखत नाही, लवंगेच्या तेलाने काम केलं म्हणून खूश होतो आणि घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते. आता जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही दिवसांनी किंवा महिन्यांनी तो दात बाकीच्यांपेक्षा उंच वाटतो, चपाती चावताना दुखतो, ठोकून बघितलं की कळ येते. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट पू येतो आणि परत बरं वाटतं. ती पुटकुळी दिसत असेल तर या आठवड्यात दाखवा. हिरडीवरच गोळा आला आहे पण चेहरा सुजलेला नाही, तर उद्या. गाल किंवा जबडा बाहेरून सुजलाय पण आरशासमोरच्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत, तर आजच, रात्र असेल तर सकाळी दवाखाना उघडताच. रात्री झोपण्याआधी सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा. दोनतीन तासांनी सूज रेघेबाहेर गेली तर सकाळची वाट बघू नका.

अक्कलदाढेचा प्रकार थोडा वेगळा. साधारण 17 ते 25 वयात ती अर्धवट वर येते, तिच्यावर हिरडीची झडप राहते, त्यात अन्न अडकून सूज येते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि तिथली साफसफाई यांनी बऱ्याचदा आराम पडतो. पण तोंड कमी उघडणं आणि गिळताना दुखणं इथेच सगळ्यात आधी सुरू होतं, म्हणून तीन बोटांची तपासणी सकाळ-संध्याकाळ करा.

सकाळपर्यंत काय करायचं

निरोगी प्रौढ व्यक्तीला दातदुखीत सगळ्यात चांगला आराम आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या जोडीने पडतो. काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, सोबत पॅरासिटामॉल 500 किंवा 650. दोन डोसांत सहा ते आठ तासांचं अंतर. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसात आयब्युप्रोफेन 1200 मिलिग्रॅमच्या वर नको आणि पॅरासिटामॉल सगळ्या गोळ्यांतलं मिळून चार ग्रॅमच्या वर कधीच नको. रोज दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी त्याहून बरंच कमी. घोटाळा असा होतो की कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन 400 बरोबर पॅरासिटामॉल 325 आधीच असतं. त्यावर क्रोसिन, मग डोकं दुखतं म्हणून सर्दीची गोळी, आणि हिशेब सुटतो. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

आयब्युप्रोफेन कोणी घेऊ नये: पोटात अल्सर, किडनीचा आजार, वेदनाशामकाने दमा वाढण्याचा इतिहास, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण. आणि मुंबईकरांसाठी खास: पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन तिन्ही टाळा. अशा वेळी फक्त पॅरासिटामॉल. लहान मुलांना वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं औषध द्या. अॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही, आणि घरात पडलेली निमेसुलाइडची गोळी अर्धी करूनही नाही. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ती आपल्याकडे 2011 पासून बंद आहे.

उशी दोन घ्या, डोकं उंच ठेवा. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. दातांत अडकलेला मटणाचा तुकडा किंवा पेरूची बी फ्लॉसने काढून बघा, कधीकधी एवढ्यावरच रात्र निभावते. गालावर बाहेरून रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. सुजलेल्या गालावर गरम शेक नको. लवंगेचं तेल चालेल, पण कापसाचा छोटा बोळा भिजवून, पिळून, फक्त किडलेल्या खड्ड्यात. बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. अॅस्पिरिनची गोळी चुरून हिरडीवर ठेवणाऱ्यांची हिरडी पांढरी पडून सोलून निघालेली असते. मिश्री लावू नका. कितीतरी आज्या-मावश्यांना तिची सवय अशाच एका दाढदुखीतून लागली आणि दाढ गेली तरी तंबाखू सुटला नाही.

केमिस्टकडून अँटिबायोटिकचा कोर्स आणण्याचा मोह आवरा. नस सुजली असेल तर अँटिबायोटिकने ठणका कमी होत नाही. नस मेली असेल तर तिथे रक्तपुरवठाच नाही, औषध पोहोचणार कुठून? अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये हेच स्पष्ट सांगितलं: बहुतेक दातदुखीत आणि मर्यादित गळूत आधी दातावर उपचार, अँटिबायोटिक नाही. सूज पसरत असेल, ताप असेल तर ते लागतं, पण पू काढण्याच्या जोडीला, बदली म्हणून नव्हे. ‘सूज उतरल्याशिवाय दाताला हात लावत नाहीत’ हा समजही यातूनच पसरलाय. सुजेत भूल नीट चढत नाही हे खरं. पण पू बाहेर काढणं हाच मुख्य उपचार असतो, आणि तो कधी करायचा हे तपासणाऱ्याला ठरवू द्या. वरचा दात काढला की नजर जाते, हे तर निव्वळ खोटं.

मुंबईत जायचं कुठे

उपनगरांतले बहुतेक खासगी दवाखाने सकाळी आणि संध्याकाळी उघडे असतात, रविवारी बंद किंवा अर्धा दिवस. त्यामुळे फोन उघडण्याच्या वेळेलाच करा आणि नुसतं ‘दात दुखतोय’ म्हणू नका, कारण मग परवाची वेळ मिळते. असं सांगा: “ताई, उजव्या बाजूची खालची दाढ आहे, काल रात्रीपासून गाल सुजलाय, तोंड दोन बोटं उघडतंय, ताप शंभर आहे, मला शुगर आहे. डॉक्टर आज मधे बघतील का?” एवढं ऐकल्यावर शहाणी रिसेप्शनिस्ट स्वतःच डॉक्टरांना विचारते.

खर्चाची अडचण असेल किंवा प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर दोन मोठी ठिकाणं आहेत. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, आणि मुंबई सेंट्रलला मराठा मंदिरच्या समोरच्या बाजूला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे मुखशल्यचिकित्सेचा विभाग आहे. केसपेपर सकाळीच काढावा लागतो, रांग असते, त्यामुळे लवकर पोहोचा. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आधी बघा, आणि मुळात दातांची ओपीडी रविवारी मिळेल असं गृहीत धरू नका. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी मघाची धोक्याची लक्षणं असतील तर केईएम, सायन, नायर, कूपर यांची कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते. गणपतीत, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, रस्ते बंद होण्याआधी निघा. सूज असताना ‘अनंत चतुर्दशी होऊन जाऊ दे’ म्हणणं हा फार वाईट निर्णय आहे.

सोबत चालू गोळ्यांची पाकिटं, आधीचा एक्स-रे असेल तर तो, आणि शेवटची वेदनाशामक गोळी किती वाजता घेतली हे लिहिलेला कागद ठेवा. उपाशी जाऊ नका, मधुमेहींनी तर नाहीच. मात्र गिळता येत नाही म्हणून कॅज्युअल्टीत जात असाल तर वाटेत काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

ज्यांना एक पायरी आधी निघायचं आहे

मधुमेह, केमोथेरपी, स्टेरॉइड, प्रत्यारोपण झालेलं मूत्रपिंड: यांच्यात संसर्ग पटकन पसरतो आणि तापही कधी चढत नाही. वरच्या हिशेबात ‘या आठवड्यात’ लिहिलं असेल तिथे यांनी ‘उद्या’ वाचायचं, आणि ‘उद्या’ असेल तिथे ‘आज’. मधुमेहींनी सूज असताना घरच्या यंत्रावर साखर बघावी. दाताच्या पुवामुळे ती वर जाते आणि वाढलेली साखर संसर्गाला खतपाणी घालते. हृदयाची झडप बदललेली असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करून दात काढायला जाऊ नका.

गरोदर बाईची दाढ ‘बाळंतपण झाल्यावर बघू’ म्हणून ठेवली जाते. गरज असेल तर उपचार कधीही करता येतात, चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. दाताच्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो. पसरलेला संसर्ग आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याचा.

लहान मुलाचा दुधाचा दात म्हणून गालावरची सूज सोडून देऊ नका. मुलं दुखणं सांगत नाहीत, जेवणं टाळतात, एकाच बाजूने चावतात, चिडचिड करतात. सूज आणि ताप असलेलं मूल त्याच दिवशी दाखवायचं.

पडलेला दात: इथे मात्र मिनिटं मोजायची

दहीहंडीत थरावरून कोसळणं, मैदानावर चेंडू लागणं, लोकलच्या दारात धक्का बसणं. कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुवा. शुद्धीत असलेल्या मोठ्या माणसाने तो तिथल्या तिथे खोबणीत बसवावा आणि रुमाल चावून धरावा. जमत नसेल तर थंड दुधात टाका. दुधाची पिशवी या शहरात कोपऱ्यावर मिळते. कागदात किंवा नुसत्या पाण्यात ठेवला तर मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचलात तर दात वाचण्याची आशा चांगली, तासाभरानंतर झपाट्याने कमी. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला इजा होते. डोक्याला मार लागून उलटी किंवा बेशुद्धी झाली असेल तर दात दुधात ठेवून आधी हॉस्पिटल.

दात काढून आल्यावर

कापूस अर्धा तास चावून धरा, वारंवार बदलू नका, थुंकू नका. लाळेत गुलाबी रंग दिवसभर राहतो. तोंड रक्ताने भरत असेल तर स्वच्छ ओलं गॉज घडी करून पुन्हा अर्धा तास घट्ट चावा आणि तरी थांबलं नाही तर त्याच रात्री दाखवा. दोन ते चार दिवसांनी अचानक खड्ड्यातून कानापर्यंत ठणका सुरू झाला, वास यायला लागला, तर रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलंय. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे जास्त. जिवाला धोका नाही, पण गोळ्यांनी निभावत बसू नका, औषध भरलं की काही तासांत आराम पडतो. अक्कलदाढ काढल्यावरची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरायला लागते. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढत गेली, सोबत ताप आला किंवा घोट गिळवेना, तर ज्यांनी काढली त्यांना त्याच दिवशी फोन करा, आणि फोन लागला नाही तर कॅज्युअल्टी.